रेल्वेचा हिशेब मागणारा हेडमास्तर

बेंगळूरच्या उत्तरेस, हिंदूपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर येलहंका हे जुने ठाणे आहे. बेंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडाचे घराणे येथलेच. त्या घराण्यातील प्रमुखांना येलहंक्याचे नाडप्रभू म्हणत. आज हे गाव शहराच्या पोटात गेले आहे, आणि परगावच्या माणसाला ते ठाऊक असते ते हवाई दलाच्या तळामुळे व तेथे भरणाऱ्या विमानांच्या प्रदर्शनामुळे. परंतु याच येलहंक्यात रेल्वेचा एक कारखाना आहे. मोडीत निघालेले रूळ, झिजलेली चाके आणि जुने आस तेथे विजेच्या भट्टीत वितळवितात, तो पोलादाचा रस हवेच्या दाबाने खालून वर ग्राफाइटच्या साच्यांत चढवितात आणि त्यातून आगगाडीची नवी चाके काढतात. हा कारखाना १९८४ साली सुरू झाला. तोपर्यंत जमशेदपूर आणि दुर्गापूर येथे काही चाके होत असत. पण भारतीय रेल्वेला लागणाऱ्या चाकांचा व आसांचा मोठा हिस्सा परदेशातून विकत आणावा लागे.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे एकशे एकतीस वर्षे गाड्या आपल्या देशात धावत होत्या, आपल्या पैशाने धावत होत्या, आणि त्यांच्या चाकांसाठी आपण परक्या बाजाराकडे पाहत होतो. एवढा पैसा रेल्वेत गेला, तो नेमका कोणाच्या घरी गेला, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच विचारला गेला होता. तो सरकारच्याच आकड्यांनिशी, शांतपणे आणि वर्षानुवर्षे विचारणाऱ्या माणसांत मुंबई इलाख्यातील एका सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर होते. त्यांचे नाव गणेश व्यंकटेश जोशी.

रावबहादुर जोशी (१८५१–१९११) यांना पत्रकार म्हणावे की नाही, याविषयी कोणी हुज्जत घालू शकेल. त्यांनी स्वतःचे वर्तमानपत्र काढले नाही, छापखाना चालविला नाही, वर्गणीदारांच्या मागे फिरण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. त्यांची हयात शिक्षणखात्यात गेली. परंतु राज्याचा जमाखर्च, चलन, सैन्याचा खर्च, शेतसारा आणि रेल्वे या विषयांवर चालू घटनांचा मागोवा घेत, नियतकालिकात सातत्याने लिहिणारा लेखक हा आजच्या भाषेत अर्थविषयक पत्रकारच होय. त्याच्या थोडे आधीपर्यंत लंडनमध्ये वॉल्टर बॅजट ‘इकॉनॉमिस्ट’ पत्र चालवीत होता. तो स्वतः पेढीवाल्यांच्या घराण्यातला, आणि लंडनच्या पेढ्यांची कुजबूज त्याच्या कानांवर घरबसल्या येई. सोलापूरच्या हेडमास्तरांच्या कानांवर येणार ती शाळेची घंटा. त्यांच्याजवळ होती ती फक्त छापील निळी पुस्तके: पार्लमेंटपुढे ठेवलेले अहवाल, हिंदुस्थान सरकारचे वार्षिक हिशेब, आयात-निर्यातीची कोष्टके.

अर्थशास्त्रावर लिहिण्याची परंपरा महाराष्ट्रात त्यांच्यापूर्वीही होती. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ साली निघाले, आणि महादेव गोविंद रानडे यांनी १८७२-७३ च्या सुमारास पुण्यात व्यापारावर मराठीतून व्याख्याने दिली. पण यात तत्त्वे आणि कळकळ अधिक होती. सरकारी हिशेब ओळीओळीने तपासण्याचे काम निराळे. त्या कामाला जागा मिळाली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात. सभा १८७० ची, त्रैमासिक १८७८ चे. ते इंग्रजीत निघे, कारण ते ज्यांनी वाचावे अशी इच्छा होती ते मुंबईच्या सचिवालयात, कलकत्त्यात आणि लंडनमध्ये बसत होते. पुष्कळ लेख निनावी असत. स्वतः रानडे न्यायखात्यात, जोशी शिक्षणखात्यात. दोघेही सरकारचे पगारी नोकर. सरकारी नोकरांनी वर्तमानपत्रांशी किती संबंध ठेवावा याविषयी वरून हुकूम सुटलेले होते. तेव्हा लेखाखाली नाव नसणे सोयीचे होते, आणि लेखकाला त्याची खंत असल्याचे कोठे दिसत नाही. ज्याने सरकारी कचेरीत चार दिवस काढले आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. तेथे टिपण लिहितो एक आणि सही करतो दुसरा.

१८८४ साली या त्रैमासिकात जोशींचा जो निबंध आला त्याचा विषय होता खुला व्यापार आणि रेल्वेची वाढ यांचे आर्थिक परिणाम. वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. दोनच वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, हिंदुस्थान सरकारने मीठ, दारू अशा थोड्या वस्तू वगळता जवळजवळ सर्व आयात-जकात उठविली होती आणि मँचेस्टरच्या कापडाला दार सताड उघडे झाले होते. आणि त्याच १८८४ साली हिंदुस्थानात रेल्वे अधिक वेगाने कशी वाढवावी हे ठरविण्यासाठी पार्लमेंटची एक समिती बसली होती. दोन्ही धोरणे एकाच वेळी जोरात असताना, त्या दोहोंचा मिळून परिणाम काय, हे विचारण्याची ती वेळ होती.

रेल्वेच्या हिशेबाची मेख समजण्यासाठी तिच्या भांडवलाची रीत पाहावी लागते. जुन्या कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. समजा, कंपनीने लंडनमध्ये शंभर रुपये उभे करून मार्ग बांधला आणि वर्षाअखेर खर्च वजा जाता त्याने तीन रुपये दिले. भागीदाराला तरीही पाचच मिळणार. वरचे दोन हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून आणि मिठाच्या करातून, भरले जाणार. मार्ग काटकसरीने बांधला काय किंवा उधळपट्टीने बांधला काय, पैसे घालणाराला सारखेच. भांडवल तिकडचे, रूळ तिकडचे, एंजिने व चाके तिकडची, वरचे अधिकारी तिकडचे. इकडची ती माती, खडी, मजुरी आणि तूट. एकोणिसावे शतक संपेपर्यंत रेल्वेच्या एकंदर हिशेबात सरकारला निव्वळ नफा असा दिसला नाही.

यावर सरकारी उत्तर ठरलेले होते. तूट असेल, पण वाहतूक वाढली, निर्यात वाढली, आयात वाढली. म्हणजे देशाची भरभराट झाली. जोशींनी बोट ठेवले ते या ‘म्हणजे’वर. कापूस अधिक बाहेर गेला आणि कापड अधिक आत आले, याने आगगाडीचे डबे दोन्ही वेळा भरले हे खरे. परंतु ज्या गावातून कापूस गेला त्याच गावातल्या कोष्ट्याचा माग त्या कापडाने थांबविला असेल, तर वाहतुकीचा आकडा जितका मोठा तितका तो माग थांबल्याचाच पुरावा होतो. इंग्लंडात रेल्वे आली तेव्हा कारखाने आधी उभे होते. रेल्वेने त्यांना बाजार दिला. येथे कारखाने उभे राहण्यापूर्वीच रेल्वेने परक्या कारखान्यांना बाजार मिळवून दिला. त्यामुळे धंदे सोडून लोक शेतीकडे लोटले गेले आणि शेतीवर पोट भरणारांची गर्दी वाढत गेली. रेल्वेला व्याजाची हमी देणारे सरकार लोखंडाच्या, साखरेच्या, कापडाच्या देशी कारखान्यांना तशीच मदत देण्याची गोष्ट निघाली की मात्र खुल्या व्यापाराची तत्त्वे सांगू लागे. ही विसंगती जोशींनी न चिडता मांडली; म्हणूनच ती अधिक बोचरी झाली असावी.

ते रेल्वेचे वैरी नव्हते. त्यांची तक्रार क्रमाविषयी आणि प्रमाणाविषयी होती: आधी काय, नंतर काय, आणि एका कामावर किती. पाटबंधाऱ्यांवरील सरकारी खर्च शतकाच्या अखेरीपर्यंत रेल्वेच्या मानाने सुमारे दशांशच राहिला, हे पाहिले म्हणजे त्या तक्रारीचे वजन कळते.

येथे दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. रेल्वेने धान्य नेले नसते तर आणखी किती माणसे मेली असती, हा प्रश्न पोकळ नव्हता, आणि १८८० च्या दुष्काळ आयोगाने तोच धरून रेल्वे वाढविण्याची शिफारस केली. पण त्याच दुष्काळात म्हैसूर संस्थानाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बेंगळूरला मद्रासकडून रेल्वे १८६४ मध्येच पोहोचली होती. असे असूनही १८७१ साली पन्नास लाखांवर असलेली म्हैसूरची लोकसंख्या १८८१ च्या खानेसुमारीत बेचाळीस लाखांच्या आत आलेली दिसली. स्टेशनापर्यंत धान्य आले तरी ते आतल्या तालुक्यांत जाण्यास रस्ते-गाड्या अपुऱ्या, आणि भाव असे की हातात पैसा नसलेल्या माणसाला ते विकत घेता येऊ नये. रेल्वेचे पुरस्कर्ते यातून म्हणत, मार्ग कमी पडले, आणखी बांधा. जोशींच्या बाजूचे लोक म्हणत, मार्ग कमी पडले असतील, पण अधिक कमी पडली ती लोकांची खरेदीची ऐपत, आणि ती रुळांनी येत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. रेल्वेमुळे प्रांताप्रांतांतील धान्याच्या भावांमधले अंतर कमी झाले, हा लाभ त्या काळच्या राष्ट्रीय लेखकांनी पुरेसा जमेस धरला नाही, असे आज म्हटले पाहिजे.

म्हैसूर संस्थानात पुढे आणखी मार्ग झाले. ते चालविण्याचे काम ज्या कंपनीकडे गेले तिचे नाव सदर्न मराठा रेल्वे. नावात मराठा, मुलूख कानडी-मराठी, आणि कंपनी १८८२ साली नोंदविलेली लंडनची; तिलाही व्याजाची हमी होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बेंगळूरहून हिंदूपूरकडे जो मीटरगेज मार्ग येलहंक्यावरून गेला तो याच जाळ्यातला. जोशींनी येलहंक्याचे नाव कधी लिहिले असेल असे नाही. त्यांच्या कोष्टकात ते स्टेशन मैलांच्या एका बेरजेत बुडालेले असणार.

रेल्वेइतकाच त्यांच्या अभ्यासाचा दुसरा विषय चलनाचा. हा विषय रूक्ष म्हणून लोक टाळतात, परंतु एक छोटे गणित केले म्हणजे तो उलगडतो. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडात पौंडांत मोठी रक्कम भरावी लागे: रेल्वेचे व्याज, कर्जाचे व्याज, पेन्शनी, सैन्याचा तिकडचा खर्च. कर मात्र येथे रुपयांत गोळा होई. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. १८७० नंतर चांदी उतरत गेली आणि एकेकाळी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९४-९५ साली तेरा पेन्सांच्या थोडा वर येऊन ठेपला. एक पौंड म्हणजे २४० पेन्स. तेरा पेन्सांच्या भावाने दहा लक्ष पौंड पाठवायचे तर सुमारे एक कोटी पंचाऐंशी लक्ष रुपये लागत. सोळा पेन्सांच्या भावाने दीड कोटी पुरत. सरकारने १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, रुपया दुर्मिळ केला, आणि काही वर्षांत तो सोळा पेन्सांवर चढविला. प्रत्येक दहा लक्ष पौंडांमागे पस्तीस लक्ष रुपये वाचू लागले, आणि असे दहा लक्ष सोळा-सतरा वेळा पाठवायचे होते. कराचे दर मात्र होते तेच राहिले. परिणाम असा की १८९६ ते १९०० च्या दरम्यान दोन मोठे दुष्काळ आणि प्लेग अंगावर घेतलेल्या देशाच्या अंदाजपत्रकात शिल्लक दिसू लागली, आणि अर्थमंत्री तिच्याकडे लोकांच्या सामर्थ्याची खूण म्हणून बोट दाखवू लागले.

या शिल्लकेचा खरा अर्थ ज्या भाषणाने देशाला समजला ते गोपाळ कृष्ण गोखले यांचे. कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सुमारे सात कोटींच्या शिल्लकेबद्दल सरकारचे अभिनंदन चालले असता त्यांनी ते करण्यास नकार दिला आणि सांगितले की ही शिल्लक कृत्रिम रीतीने चढविलेल्या रुपयाची आहे, रयतेच्या भरभराटीची नव्हे. तेव्हा मिठाचा कर उतरवा, प्राप्तिकराची मर्यादा वाढवा. त्या एका भाषणाने गोखल्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्या भाषणामागे जोशी होते. गोखले त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. रानड्यांनी गोखल्यांना घडविले ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण रानड्यांजवळ त्यांना दृष्टी मिळाली, तर आकड्यांची तालीम मिळाली ती फार करून जोशींकडे. गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि त्रैमासिकाचे काम त्यांच्या हाती आले, तेव्हा जोशींचे लेख संपादक म्हणून त्यांना वाचावे लागले, यापेक्षा चांगली शाळा कोणती? १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. वय तीस, समोर उलटतपासणी घेणारे मुरलेले अर्थाधिकारी. त्या साक्षीच्या तयारीत रानडे आणि जोशी दोघांचा हात होता. १९०१ च्या जानेवारीत रानडे वारले. वर्षभराने अंदाजपत्रकावर बोलण्याचा प्रसंग आला तेव्हा गोखल्यांनी साहाय्यासाठी जोशींकडेच धाव घेतली.

१९०३ साली मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. मिठाचा कर १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांच्या भाषणांनी झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तिजोरी भरलेली होती आणि सरकारलाही थोडे नाव हवे होते. परंतु कोणता कर आधी उतरावा, कोणाच्या तोंडचा घास आधी सोडावा, हे सरकारला वारंवार ऐकवले गेले होते. कोपऱ्यातल्या झोपडीत राहणाऱ्या माणसाला त्या मिठाच्या दीड रुपयात कोणाचे आकडे विरघळले आहेत याचा पत्ता नव्हता. पत्ता असण्याचे कारणही नव्हते.

जोशींच्या लिखाणात दोष नाहीत असे नाही. त्यांचे निबंध लांब आहेत, कोष्टकांनी जड झालेले आहेत, आणि एकाच मुद्द्याला पाच वर्षांच्या आकड्यांचा पाठिंबा दिल्यावाचून त्यांचे समाधान होत नाही. देशाच्या शेतीचे उत्पन्न किती, माणशी धान्य किती, याचे अंदाज त्या काळच्या सरकारी पिकपाहणीवर आधारलेले, आणि ती पाहणी कितपत विश्वसनीय होती हे ज्यांनी महसूल खात्याचे जुने कागद चाळले आहेत ते जाणतात. सर्वांत मोठी उणीव म्हणजे हे सारे मुख्यतः इंग्रजीत राहिले. ज्या कोष्ट्याचा माग थांबला आणि ज्या कुणब्याचा सारा रेल्वेच्या व्याजाला गेला, त्यांच्या भाषेत हा हिशेब जोशींच्या हातून उतरला नाही. वाद सरकारशी होता म्हणून सरकारची भाषा घेतली, हे समर्थन मान्य करूनही मराठीचे नुकसान झाले ते झालेच. त्यांच्या तोडीचे आर्थिक गद्य मराठीत त्या वेळी घडले असते, तर पुढच्या अर्ध्या शतकातील आपली वृत्तपत्रे अंदाजपत्रकावर अधिक नेमके लिहिती.

एक गंमतही सांगण्यासारखी आहे. ज्या सरकारच्या हिशेबातील फटी त्यांनी जन्मभर दाखविल्या त्याच सरकारने त्यांना रावबहादुर केले. निवृत्तीनंतर ते मुंबईच्या कायदेकौन्सिलातही बसले. म्हणजे जे दुसऱ्यांच्या तोंडून बोलले जात होते ते अखेरीस काही काळ स्वतः उभे राहून बोलण्याची संधी त्यांना मिळाली. पण वक्ते म्हणून त्यांचे नाव झाले नाही. आकडे लिहिणाऱ्याचे बोलणे बहुधा आकड्यांसारखेच होते.

रेल्वेचा हिशेब त्यांच्या हयातीतच थोडा पालटू लागला होता. १९०० च्या सुमारास मार्ग फायद्यात येऊ लागले. पुढे १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीने कंपन्यांकडील कारभार सरकारने स्वतःकडे घ्यावा याला बळ दिले, १९२४ साली रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे झाले, १९२५ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सरकारच्या हाती आली. सदर्न मराठा कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एक झाली होती. तो मार्ग १९४४ साली सरकारने घेतला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये चित्तरंजनला एंजिने, १९५५ मध्ये पेरांबूरला डबे होऊ लागले. चाके आणि आस मागे राहिले, कारण पोलादाचे ओतकाम आणि घडाई ही कारखानदारीतील फार अवघड अंगे आहेत. येलहंक्यालाही चाकाचे तंत्र अमेरिकेतून घ्यावे लागले. देशात एखादी वस्तू व्हावी असे ठरविणे आणि ती होणे यांत किती वर्षे जातात याचा अंदाज १८८४ च्या लेखकाला नसावा. तो तेव्हा कोणालाच नव्हता.

जोशी १९११ साली वारले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून त्यांच्या लेखांचा व भाषणांचा जाड खंड निघाला, आणि त्रैमासिकाच्या जुन्या फायलींत निनावी पडलेल्या कितीतरी निबंधांना प्रथमच त्यांचे नाव लागले. १९६६ साली बिपन चंद्र यांनी हिंदी आर्थिक राष्ट्रवादाच्या उदयावर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दादाभाई, रानडे आणि दत्त यांच्या बरोबरीने, रेल्वेच्या प्रकरणात तर विशेषच, जोशींचे नाव पुन्हा पुन्हा येते.